दांड्यावरचे हात

इस्पितळात तेवीस वर्षं चादरींची ट्रॉली ढकलणाऱ्या बाईला कुणी आळशी म्हणावं, याला काय म्हणायचं? पण म्हटलं. तेही तोंडानं नाही, भिंतीवरच्या फळ्यानं!

सगळे तिला मावशीच म्हणत. तळघरातल्या धुलाईघरात चादरी, अभ्रे, टॉवेल ट्रॉलीत रचायचे, लिफ्टनं सातव्या मजल्यावर न्यायचे, तिथून एकेक वॉर्ड करत खाली यायचं आणि मळके कपडे घेऊन परतायचं. दिवसाला अशा चार फेऱ्या. धुलाईघरातल्या वाफेत तिचा जीव गुदमरायचा. ट्रॉली घेऊन बाहेर पडली की चार माणसं भेटायची, पेशंट हाका मारायचे, कुणी घरी निघालं की आवर्जून सांगायचं. ट्रॉली म्हणजे तिचा जीव की प्राण.

मग नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण कर्मचाऱ्यांच्या तब्येतीचा त्यांना भारी पुळका. प्रत्येकाच्या मनगटाला त्यांनी पावलं मोजणारा पट्टा बांधला आणि तळघरातल्या लिफ्टशेजारी फळा टांगला. त्यावर रोज संध्याकाळी खडूनं नंबर लागायचे. महिन्याच्या शेवटी पहिल्याला चालायचे बूट बक्षीस, आणि तळाला राहील त्याला ‘झेपेल असं बैठं काम’. धुलाईघरात बैठं काम एकच, वाफेच्या खोलीत फाटक्या चादरी शिवणं.

पहिल्या दिवशी मावशी तळाला. दुसऱ्या दिवशीही. आठवडा झाला तरी अठ्ठेचाळिसांत अठ्ठेचाळिसावी.

आणि पहिला कोण? आवक-जावकचा कारकून! हा गृहस्थ खुर्चीतून उठायचा तो चहापुरता, पण बोलताना हात असे उडवायचा की समोरच्यानं चष्मा सांभाळावा. तिसरी आली इस्त्रीवाली, जी सकाळपासून एकाच टेबलाशी उभी. सांगा आता!

मावशीची सूनही याच इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर बसायची. घरी ताटं घेताना ती हसत म्हणाली, “आई, तुम्ही शेवटच्या? अहो, माझासुद्धा सव्विसावा आहे!”

ती गमतीत बोलली, पण मावशीच्या जिव्हारी लागलं. अर्धी भाकरी तशीच ठेवून ती उठली.

दुसऱ्या दिवशी ट्रॉली ढकलताना तिनं स्वतःच पावलं मोजायला घेतली. धुलाईघराच्या दारापासून लिफ्टपर्यंत एकशे चाळीस पावलं झाली. पट्ट्यावर वाढली सहा. परत येताना पुन्हा मोजली, पुन्हा तेच. तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. हा मेला पट्टा पाय मोजतच नव्हता! हात हलला की त्याचं पाऊल होत होतं, आणि तिचे दोन्ही हात दिवसभर ट्रॉलीच्या दांड्यावर घट्ट.

“मग घोट्याला बांध की,” इस्त्रीवाली कुजबुजली. “कोण बघतंय? पहिली येशील.”

“का म्हणून? चूक पट्ट्याची आणि लपवाछपवी मी करू? या वयात?”

साहेबांना सांगायला ती दोनदा गेली. दोन्ही वेळा ते म्हणाले, “मावशी, यंत्र खोटं बोलत नाही.”

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. फळ्यापुढे सगळे जमले. साहेब मऊ आवाजात म्हणाले, “मावशी, वाईट वाटून घेऊ नका. खूप केलंत, आता जरा बसा.”

“बसते की,” मावशी म्हणाली, “पण आधी तुम्ही ही ट्रॉली ढकला. धुलाईघराच्या दारापर्यंत. पट्टा आहेच तुमच्या हातात.”

सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? साहेबांचा दुसरा नंबर होता, त्याची ऐटही होती. त्यांनी बाह्या सरसावल्या. ट्रॉली मळक्या चादरींनी गच्च भरलेली. दहा पावलांत त्यांचा चेहरा लाल झाला. मावशी शेजारून चालत मोठ्यानं मोजत होती, मग बाकीचेही मोजू लागले. दाराशी एकशे एकतीस झाली. साहेबांनी धापा टाकत पट्टा पाहिला. वाढली होती चार.

कारकुनानं हात खिशात घातले.

“माझं चुकलं,” साहेब म्हणाले. खरोखर ओशाळले होते बिचारे. “ट्रॉली तुमच्याकडेच राहील. आणि तुमच्या नावापुढे मी अंदाजानं आकडा टाकतो. पहिल्या तुम्हीच, बूटही तुमचेच.”

टाळ्या पडल्या. सुनेनं तर सगळ्यात जोरात वाजवल्या. मावशी मात्र परत फळ्यापाशी गेली, मागोमाग साहेब आणि बाकीचेही, आणि तिनं तळहातानं स्वतःचं नाव पुसून टाकलं.

“पहिला नको आणि शेवटचाही नको,” ती म्हणाली. मनगटावरचा पट्टा सोडून तिनं साहेबांच्या हातात ठेवला.

“अहो, पण मग तुम्ही किती चाललात हे आम्हाला कळणार कसं?”

“सातव्या मजल्यावर चादरी पोचल्या का, तेवढं विचारत जा,” मावशी म्हणाली आणि ट्रॉली आणायला निघाली.