अर्धवेळ

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी माझी फेलोशिप यायची थांबली. आधी वाटलं, होतं एखादा महिना मागंपुढं. विभागाच्या ऑफिसात विचारलं, तर "वरूनच आलेली नाही" एवढंच उत्तर. त्यातच इचलकरंजीत नवरा ज्या यंत्रमागावर कामाला होता तो बंद पडला. सुताचा भाव चढला आणि मालकानं शेडला कुलूप घातलं. मी हातकणंगल्याहून रोज एसटीनं विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत यायची. पास संपला त्या दिवशी नवा काढायला पैसे नव्हते.

घरात कुणी हिशोब मागत नव्हतं, तेच जास्त टोचायचं. सासूबाई डेअरीला दूध घालून यायच्या आणि मला न विचारता मुलीची फी भरून टाकायच्या.

मग शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, साच्यांची वाळू तपासायला केमिस्टची जागा निघाली. मुलाखत झाल्यावर मॅनेजर म्हणाला, "मॅडम, सोमवारपासून या. पण व्हय का न्हाय, ते संध्याकाळपर्यंत सांगायचं. दुसरी पोरगी तयार हाय."

नोकरी धरली की फेलोशिप सोडायची, असा नियमच. एकदा सोडली की परत मिळत नाही. गेटबाहेरच्या चहाच्या गाड्याजवळ उभं राहून मी माझ्या गाईडना फोन लावला.

"सोडू नकोस," सर म्हणाले. "थकलेले पैसे येतील. सगळ्यांचे येतात."

"कधी, सर?"

"एवढं शिकून तू कारखान्यात वाळू तपासत बसणार?"

माझा आवाज चढला. "सर, तुमचा पगार वेळेवर होतो."

फोन कट झाला. त्यांच्या सहीशिवाय माझं पानसुद्धा हलणार नव्हतं.

नवऱ्याला फोन केला. "माझ्याकडं बघून ठरवू नगंस," तो म्हणाला. "तुला काय पायजे?"

मला दोन्ही पाहिजे होतं. तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं. मी आत मॅनेजरकडं गेले. "मी नोकरी करून पीएचडी अर्धवेळ केली तर चालेल का? शनिवार मोकळा लागेल."

"शनिवार न्हाय जमत. आमची सुट्टी गुरुवारी. तवा काय करायचं ते करा की."

दुसऱ्या दिवशी सरांसमोर फेलोशिप सोडल्याचं पत्र आणि अर्धवेळचा अर्ज ठेवला. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. वर न बघता दोन्हीवर सह्या केल्या.

"बसू का, सर?"

"काम असेल तर बस."

मी बसले नाही.

थकलेले पैसे वर्षभरानं आले. सरांचं खरं ठरलं. पण ते वर्ष आम्ही माझ्या पगारावर काढलं होतं. सर पुढंही माझ्याशी कामापुरतंच बोलले. शेवटच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "नोकरी करून कसं जमवलंत?" माझ्याआधी सरच बोलले, "तिनं कुणाचं ऐकलं नाही."

ते कौतुक होतं की तक्रार, मला अजून कळलेलं नाही.