उलट्या हातानं

मोठ्या रावांनी तांब्या उचलला आणि माझ्या माइकवर पाणी शिंपडलं.

आधी बोटं बुडवून, जेवायला बसताना पानाभोवती शिंपडतात तसं. तेवढ्यानं समाधान झालं नसावं, मग उरलेलं सगळं वरून ओतलं. माझ्या नव्या कोऱ्या माइकवर. स्पीकरमधून फट्ट आवाज आला. पुढच्या खुर्च्यांवरच्या बायका दचकल्या. त्यांतली एक हसून म्हणाली, "झालें शुद्ध."

थोड्या वेळापूर्वी ह्याच रावांनी मला हाक मारली होती. "ए लायम, आधी तूं धर. करंट आहे का पाहूं." मी हात लावला. मुंग्या आल्या. तसं सांगितलं. ते म्हणाले, "मुंग्यांनी कोण मेलें आहे?" मग आवाज तपासायला मी माइकमध्ये बोललो, "हॅलो, ऐकूं येतें का?" तेवढंच. माझा हात लागला, माझ्या तोंडाची वाफ लागली, वर मी मराठीत बोललो. म्हणून पाणी.

नीट ऐका हां. करंट बघायला माझा हात हवा. बघून झालं की माझा हात धुऊन काढायला हवा. हे मला त्या दिवशी नव्यानं कळलं असं काही नाही. जन्मापासून माहीत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा राग आला.

आम्ही तंजावूरचे. घरात मराठी, बाहेर तमिळ. मराठी वाचता येत नाही मला, हे मी बोलतोय आणि दुसरं कुणी लिहून घेतंय. हसू आलं तर हसा, सवय आहे. आमचे खापरपणजोबा इथल्या मराठा राजाच्या घोड्यांना खरारा करायचे. घोड्यांच्या तबेल्याला इकडे लायम म्हणतात. घोडे गेले, राजा गेला, आम्ही मात्र लायमच राहिलो. राव लोकांच्या, म्हणजे दरबारातल्या वरच्या जातींच्या, घरातही मराठीच. पण आम्ही त्यांच्यासमोर मराठी बोललो की त्यांची तोंडं वाकडी होतात. "लायमातली मराठी" म्हणतात. म्हणून अप्पा, माझे वडील, त्यांच्याशी जन्मभर तमिळमध्येच बोलले.

अप्पा तिरुवैयारूच्या एका माइकसेटवाल्याकडे कामाला होते. तारा ओढायच्या, झाडावर कर्णे बांधायचे. आणि भाषण करणारा मोठा माणूस आला की त्याच्या आधी माइकला हात लावून बघायचं. खरं काम हेच. मी लहान असताना त्यांनी मला मुद्दाम जवळ बसवून शिकवलं: "उलट्या हातानं शिवायचें, बाळा. सरळ हातानं धरलें तर मूठ आवळते. मग सुटत नाही." लोकांचे बाप पोराला सायकल शिकवतात, पोहायला शिकवतात. माझ्या बापानं हे शिकवलं. त्यांच्या उजव्या हाताची बोटं बधिर झाली होती. शर्टाच्या गुंड्या आई लावून द्यायची.

अप्पांबरोबर तिरुचीच्या एका कॉलेजात गेलो होतो, तिथं मी डीजे पाहिला. मद्रासहून आलेला होता. त्याची गाणी थांबतच नव्हती. एक संपायच्या आत दुसरं त्यात शिरायचं, पोरं नाचताना श्वास घ्यायलाही थांबत नव्हती. आमच्या माइकसेटचं कसं, गाणं संपलं की खर्रर्र, मग कॅसेट उलटायची, तोवर लोक उठून जेवायला जायचे. मी त्या डीजेच्या मागे उभा राहून त्याचे हात बघत बसलो. ठरवलं, हेच करायचं. दोन गाण्यांच्या मधे भोक पडू द्यायचं नाही.

ठरवायला काय जातंय! खिशात दमडी नव्हती. एक डेक मालकाच्या भंगारातला. दुसरा सिंगापूरहून परतलेल्या शेजाऱ्याच्या मोडक्या टू-इन-वनमधून काढलेला. त्याचं झाकण मिटायचं नाही, म्हणून बसचं तिकीट दुमडून कोंबायचो. मिक्सर म्हणजे मुरुक्कूच्या, आपल्या चकलीच्या, डब्यात बसवलेली जुन्या रेडिओची बटणं. हेडफोन कुठला आणायचा? जुन्या टेलिफोनचा रिसीव्हर खांद्यानं कानाशी दाबून धरायचो. मान अशी आखडायची की जेवताना वळता यायचं नाही. पुढचं गाणं नेमकं कुठून सुरू करायचं ते कॅसेटमध्ये पेन्सिल घालून फिरवत जुळवायचो. आई म्हणायची, "ह्याला वेड लागलें." माइक तेवढा नवा घेतला. त्यासाठी सायकल विकली. मग सगळीकडे पायी.

त्याच वर्षांत केबल आली. टीव्हीवर दिवसभर नाच. राव लोकांच्या पोरांना लग्नात डीजे हवासा वाटायला लागला. मोठ्या रावांचा मुलगा माझ्याच वयाचा. त्याला सगळे धाकटे राव म्हणायचे. नवी मोटरसायकल, आणि गावातला लग्नाचा सगळ्यात मोठा हॉल, कल्याणमंडप, त्यांच्या घरचा. तो माझ्याकडे आला, डेक बघितले, टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावून खूप हसला. मला वाटलं, हा वेगळा आहे. दोस्ताला म्हणतात तसं "डा" लावून म्हणाला, "अक्काच्या रिसेप्शनला लाव, डा. जमलें तर सीझनभर मंडपातलीं सगळीं रिसेप्शनें तुझीं."

सीझनभर! मला झोप लागेना. अप्पांना म्हटलं, आता तुम्ही कुणाचे कर्णे बांधायचे नाहीत.

मंडपात गेलो तर फरशी संगमरवरी, छताला झुंबरं. भिंतीतल्या प्लगला तिसरं भोक होतं, पण त्याच्यामागे तारच नव्हती. अर्थिंग नुसतं दाखवायला. धाकट्याला सांगितलं. तो म्हणाला, "लग्न होऊं दे, मग बघूं." तारा बांधून अप्पा मागच्या भिंतीशी जाऊन उभे राहिले.

तर, पाणी ओतलं.

माइक स्टँडवर ठिबकत होता. स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज यायला लागला होता, आणि तो हळूहळू वाढत होता. मोठ्या रावांना आता लेक-जावयाला आशीर्वाद द्यायचा होता. त्यांनी चपला काढल्या. त्यांनीच सांडलेल्या पाण्यात त्यांचे अनवाणी पाय. त्यांनी हात पुढे केला.

एक क्षण वाटलं, धरू दे. खोटं कशाला बोलू? वाटलं. मुठीत धरू दे आणि आवळू दे मूठ. माझा हात प्लगवर होता आणि तो मी हलवत नव्हतो. त्यांची बोटं माइकच्या अगदी जवळ आली. मग डोक्यात लख्ख पडलं, हा मेला तर खुनी मी ठरणार, आणि माझ्यामागून अप्पांना ओढत नेतील. मी प्लग उपटला.

सगळं गप्प. गाणं नाही, घूं नाही. ज्या भोकाला मी एवढा भ्यायचो ते माझ्याच हातानं पाडलं होतं, भरल्या मंडपात. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले.

"काय झालें?" मोठे राव ओरडले.

"माइक ओला आहे, अय्या. करंट बसेल," मी तमिळमध्ये म्हणालो.

"मग तूं धर. धरून दाखीव." मी उलटा हात पुढे केला असेल, सवयीनं, मला आठवत नाही. कारण ते म्हणाले, "तसा नाही. तुम्ही लोक उलटा हात लावून फसवतां. मुठीत धर. प्लग लावून."

मी धाकट्याकडे बघितलं. तो तर अर्थिंगचं जाणून होता. त्यानं घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "धर ना, डा. एक सेकंद. सीझन हवा आहे ना तुला?"

मी काही बोलायच्या आत मागून अप्पा आले. चपला मागेच काढून. खांद्यावरचं तुंडू, म्हणजे पंचा, काखेत घेतलेलं, जसं ते जन्मभर ह्या लोकांसमोर घेत आले. तमिळमध्ये म्हणाले, "पोरगं नवीन आहे, अय्या. मी धरतो." आणि ओल्या फरशीवर पाय ठेवून खरंच हात पुढे केला. सरळ हात. ती बधिर बोटं. धाकट्यानं तेवढ्यात प्लग उचलला होता.

मी अप्पांचं मनगट पकडलं. एवढं जोरात की ते कळवळले.

"नाही," मी म्हणालो. मराठीत. माइक नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. "मी धरणार नाही. माझा बापही धरणार नाही. तुमचा माइक तुम्ही धरा."

मोठे राव पांढरेफटक पडले. मग लाल झाले. "लायम, ह्या गावांत एकाही मंडपांत तुला पाऊल टाकूं देणार नाही." त्यांनी शब्द पाळला. सीझन गेला. पुढचाही गेला. त्या दिवशी आमचं जेवण मागच्या गाडीखान्यात वाढलं होतं, आम्ही पानाला हात न लावता सामान उचललं. डेक डोक्यावर, स्पीकर हातगाडीवर. आम्ही फाटकाबाहेर पडलो तोवर आत कुणीतरी दुसरा माइक मागवायला धावत होतं. म्हणजे दुसरा हातही मागवला असणार.

वाटेत अप्पा म्हणाले, "धरायला हवें होतें. काय झालें असतें?"

"जीव गेला असता तुमचा."

"आजवर गेला का?"

मी त्यांच्या शर्टाकडे बघितलं. धावपळीत एक गुंडी सुटली होती आणि त्यांना ते कळलंही नव्हतं. मी रस्त्यात थांबून ती लावली. मला रडू आलं, रागानं. त्यांनी विचारलं, "काय झालें?" मी हातगाडी ढकलायला लागलो.

तंजावूर बंद झालं, म्हणून पापनाशमच्या बाजूच्या खेड्यांत सुरुवात केली. तेच डेक, तोच मुरुक्कूचा डबा, वाळवून घासलेला तोच माइक. पण आता गावात पोहोचलो की आधी अर्थिंगचा खड्डा खणतो. मीठ, कोळसा, लोखंडी सळई, मग तार. खड्डा झाल्याशिवाय गाणं नाही. सरपंच असो, देवीचा पुजारी असो, खोळंबा झाला म्हणून शिव्या देवोत. आणि आवाज तपासतो तो मराठीत. कुणाला कळत नाही, तरी मराठीत.

उलटा हात लावायची विद्या मी माझ्या पोरांना शिकवली नाही. अप्पांबरोबर ती संपली. माझा स्वतःचा उलटा हात मात्र शाबूत आहे. ज्याला बोलायचं त्यानं माझा माइक स्वतःच आधी धरावा. माझ्या माणसाला कुणी "आधी तूं धर" म्हणालं, किंवा त्याच्यामागे तांब्या घेऊन उभं राहिलं, तर तो कुठलाही राव असो, त्याच्या थोबाडावर उलट्या हाताची बसेल.