डावरी बंदूक

विल्ना डावरी होती, आणि सासरा गिडिअनच्या मते तो तिचा हट्ट होता.

नवरा ख्रिस्तो गाडीच्या अपघातात गेला, तेव्हापासून लिंपोपो नदीकाठच्या त्या शेतावर पाहुण्यांना रानरेड्याच्या शिकारीला तीच नेत असे. हातात बंदूक आजेसासऱ्यांची, नवऱ्यामागे तिच्या नावावर झालेली; रिकामं काडतूस काढून नवं भरायचा बोल्ट उजवीकडे. गोळी झाडली की डावा हात बंदुकीवरून पलीकडे न्यायचा, बोल्ट ओढायचा, मग बोट पुन्हा घोड्यावर. हरणाला चालतं हे. रेडा थांबत नाही.

गेल्या हिवाळ्यात पाहुण्यानं जखमी केलेला रेडा वेळूतून थेट अंगावर आला. विल्नाची पहिली गोळी लागली, दुसरी उशिरा सुटली. तेवढ्यात त्यानं मुकोंडीच्या बरगड्या फोडल्या. मुकोंडी माग काढतो, म्हणजे सगळ्यांच्या पुढे चालतो, आणि त्याच्या हातात काठीशिवाय काही नसतं.

तो कसाबसा वाचला. आता विल्नाला डावऱ्या बोल्टची, आपल्या मापाची जड बंदूक घडवून घ्यायची होती, आणि त्यासाठी जुनी विकावी लागणार होती.

"माझ्या बापाची बंदूक विकतेस?" गिडिअन ताटातला मक्याचा घाटा बाजूला सारून ओरडला. "ख्रिस्तोला जमलं ते तुला जमत नाही? उजव्या हातानं शीक!"

"चाळिशीत? आणि मी शिकेपर्यंत बरगड्या कोणाच्या मोडायच्या, बाबा?"

"धंद्यात एखादा जायबंदी होतोच."

एखादा! मुकोंडी ओसरीच्या पायरीवर बसून चहा पीत होता. विल्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती बोलणार, तोच मुकोंडी उठला.

"बाई, बंदूक आणा. गोळ्या खोट्या भरा."

अंगणाच्या टोकाला मोपानीच्या झाडाशी तो उभा राहिला, दोन्ही हातांची शिंगं केली आणि तिच्या अंगावर सुटला. विल्नानं घोडा दाबला, हात पलीकडे नेला, बोल्ट ओढला. दुसरं काडतूस अर्धवट आत असतानाच मुकोंडीचा पंजा नळीवर आदळला.

"मेलीस," तो म्हणाला. प्रथमच एकेरीत.

"पुन्हा कर!" गिडिअन ओसरीवरून गरजला. म्हातारा उंटावरून शेळ्या हाकण्यात पटाईत.

"करतो ना, मालक." मुकोंडी बरगडी दाबून धापा टाकत होता. पायरीला टेकवलेली आपली काठी उचलून त्यानं म्हाताऱ्यापुढे धरली. "पण मोसमाच्या पहिल्या रेड्याला पुढे तुम्ही चाला. मागे बाई असतील, तुमच्या बापाची बंदूक घेऊन."

गिडिअननं काठीकडे पाहिलं. मग ताट जवळ ओढलं आणि थंड घाटा चिवडत बसला. काठी त्यानं घेतली नाही.

विल्नाला वाटलं होतं, म्हातारा शिव्या घालील, रडेल. नुसतं खाली बघणं तिला जास्त चीड आणून गेलं. तिनं बोल्ट काढला, बंदूक घोंगडीत गुंडाळली आणि मुकोंडीला गाडीत बसवलं.

शहरातल्या बंदूककारानं जुनी विकत घेतली आणि तिच्या हाताचं माप घेतलं. नळी, दस्ता, सगळं ठरलं. शेवटी पेन्सिल कानाला खोचत तो म्हणाला, "जुन्या बंदुकीवर घराण्याचं नाव होतं. हिच्यावर काय कोरू?"

"काही नको," विल्ना म्हणाली. "दुसरी गोळी किती लवकर सुटते तेवढं बघा. आणि ते मला विचारू नका, ह्याला विचारा. पुढे हा चालतो."