भुआसाच्या आंब्याची दोन पानं

भुआसा दीक्षा घेणार, असा पप्पांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात प्रयोगशाळेत होते. भुआसा म्हणजे माझी आत्या; आमच्या मारवाडी जैन घरांत असंच म्हणतात. दीक्षेनंतर ती साध्वी होणार, नाव बदलणार आणि जन्मभर पायी फिरणार. मग मी तिच्यासाठी दर्शनाला आलेल्या इतरांसारखीच एक. फोन ठेवल्यावर एवढंच मनात आलं की तिला एक गोष्ट दाखवायची राहून गेली आहे.

लहानपणी मला दमा होता, म्हणून चौथीपर्यंत मी घरीच शिकले, भुआसाकडे. ती तरुणपणीच विधवा होऊन अक्कलकुव्याला आमच्याकडे परत आली होती. अंगणातल्या आंब्याखाली आमची शाळा भरायची. कुठलंही पान तोडण्याआधी ती म्हणायची, "उलटं करून बघ, कोणी बसलंय का." आता मी पानांवरच्या जिवाणूंचा अभ्यास करते. म्हणजे तेच करते. पण कोण बसलंय, हे तिला कधी दाखवलं नव्हतं.

पुण्याहून धुळे, धुळ्याहून नंदुरबार. मांडीवर थर्माकोलचा डबा, त्यात जिवाणूंना वाढायला लागणारं जेलीसारखं अन्न ओतलेल्या वीतभर चपट्या डब्या. दर गतिरोधकाला मी झाकण दाबून धरत होते. फेब्रुवारीत जाणार असाल तर रुमाल जवळ ठेवा. नंदुरबारच्या बाहेर मिरच्या वाळत घातलेल्या पथारी असतात, लांबवर लाल जमीन, आणि बसच्या खिडक्या बंद असल्या तरी खोकला येतो. माझे डोळे पाहून शेजारची बाई अहिराणीत म्हणाली, "नंदुरबार उनं वं माय. आते रडाले कारन लागत नही." सगळी बस हसली. मला बरं वाटलं, कारण मी मिरची यायच्या आधीपासूनच रडत होते.

पुढे प्रकाशामार्गे जाणारी गाडी मिळाली. थोडा वळसा पडतो, पण तिथल्या पुलावरून तापीचं रुंद पात्र दिसतं आणि त्या उन्हात तेवढंच डोळ्यांना गार वाटतं. तळोदा सोडल्यावर उजव्या हाताला सातपुडा येतो. सूर्य मावळायच्या आत घरी पोहोचले, म्हणून जेवायला मिळालं: गट्ट्याची भाजी आणि बाजरीची भाकरी. भुआसाने स्वतः वाढलं. "हाडं दिसायला लागली तुझी. त्या जंतूंनाच जेवायला घालतेस का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कात्री घेऊन आंब्याखाली गेले. ती ओसरीवरून म्हणाली, "आज आठम आहे."

मी विसरलेच होते. आठमीला, म्हणजे अष्टमीला, आमच्या घरी हिरवं तोडत नाहीत. मग झाडावरचं पान झाडावरच ठेवायचं ठरलं. डबी खालून धरायची, पान हलकेच त्यावर टेकवायचं आणि सोडून द्यायचं. एकटीला जमेना. भुआसाने हिरव्याला हात लावणं कधीच सोडलं होतं, पण डबी धरायला ती तयार झाली. मी आधी एक जुनं, गडद पान टेकवलं. मग त्याच्या शेजारी नुकतं फुटलेलं, तांबूस, मऊ पान. तेवढ्यात वारा आला, फांदी हलली आणि डबी सावरताना तिचा अंगठा काठावरून आत गेला.

"बिघडलं?"

"नाही, भुआसा."

नियमाने ती डबी मी फेकायला हवी होती. फेकली नाही.

मग मोलगीला निघालो. भुआसाचं तिथल्या बाजारात कापडाचं दुकान लागायचं; तिला गिऱ्हाइकांचा निरोप घ्यायचा होता. अक्कलकुव्याहून जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भाडं आधी विचारून घ्या. घाटात वळणं फार आहेत. पोट रिकामं ठेवू नका. भुआसा खिडकीशी बसली होती. "गाडीत बसायचा हा शेवटचा दिवस," ती म्हणाली आणि पुढे सगळा घाट बाहेर बघत राहिली.

वाटेत मी तिला सांगत होते. कोवळं पान उलगडतं तेव्हा जवळजवळ रिकामं असतं. मग कोणी वाऱ्याबरोबर येतं, कोणी धुळीतून, कोणी किड्याच्या पायाला चिकटून, कोणी शेजारच्या पानावरून. ऊन लागलं की बहुतेक मरतात. जे शिरेच्या खाचेत, ओल धरून एकमेकांना चिकटून बसतात, ते टिकतात. आणि जे आधी येतात, त्यांच्यावर ठरतं की मागून येणाऱ्यांना जागा मिळणार की नाही.

"म्हणजे गावासारखंच," भुआसा म्हणाली.

बाजारात फुलीबाई भेटली, जुनी गिऱ्हाईक, डोंगरातल्या पाड्यावरून चालत येऊन आमचूर विकायला बसलेली. "आता चालत फिरणार म्हणे तू? त्या गुडघ्यांनी?"

"हळूहळू चालेन."

"आम्ही जन्मभर चालतोय. आमची नाही कोणी मिरवणूक काढली!"

भुआसा इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग फुलीबाईने तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

तिसऱ्या दिवशी वरघोडा निघाला, म्हणजे तीच मिरवणूक. गर्दीत मला तिच्याजवळ जाता आलं नाही.

दीक्षेच्या सकाळी तिची तयारी सुरू व्हायच्या आधी मी डबी घेऊन गेले. जुन्या पानाच्या जागी पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्यांचं अख्खं पान उमटलं होतं, मधली शीर ओळखू येत होती. कोवळ्याच्या जागी चारदोन ठिपके. मी तिला सांगितलं की हे सगळे नाहीत, या अन्नावर वाढू शकतात तेवढेच दिसतात. तिने डबी उजेडाकडे धरली. "इतके बसलेले असतात? आणि आपण तोडतो." मग कडेच्या गोल ठिपक्यांकडे बोट केलं. "हे?"

"तुमचा अंगठा."

ती हसली. मग तिने तोच प्रश्न विचारला, ज्याची मला पुण्यापासून भीती होती. "यांचं पुढे काय करतेस?"

खोटं बोलता आलं नाही. "वाफेत मारावे लागतात. वाढलेले असे उघड्यावर सोडता येत नाहीत."

तिने डबी परत दिली. आवाज चढला नाही. "मग माझ्यासाठी वाढवायचे नव्हते, बेटा."

बाहेरून बायकांनी हाक मारली. ती उठून गेली.

दुपारी ती पांढऱ्या वस्त्रांत होती, डोक्यावर केस नव्हते. नवं नाव मी ऐकलं, पण अजून माझ्या तोंडात बसलेलं नाही. सगळ्यांबरोबर मीही वंदन केलं. महाराजसाहेब, म्हणजे साधू-साध्वी, सगळ्यांना म्हणतात तेच ती मला म्हणाली, "दया पालो." दया पाळा.

परत येताना नंदुरबारला पुन्हा डोळे चुरचुरले. या वेळी कोणी विनोद केला नाही.

पुण्यात आल्यावर डबीत गुलाबी ठिपके दिसू लागले. ते सावकाश वाढतात, म्हणून तिला दिसले नाहीत. जुन्या पानाच्या मधल्या शिरेला लागून गुलाबी रेघ, आणि बाजूला अंगठा तसाच. ती डबी मी दोन दिवस उगाच टेबलावर ठेवली. पण मी ठेवल्याने त्यातलं कोणी वाचणार नव्हतं; अन्न संपलं की तेही संपणार होते. आम्ही ज्याला कुकर म्हणतो, त्या वाफेच्या यंत्रात शेवटी मीच ती ठेवली. वर्षभर एकाआड एक दिवस उपास करायच्या वर्षीतपासारखं मोठं काही मला जमणार नाही. एवढं ठरवलं आहे की नुसतं कुणाला दाखवायला म्हणून पुन्हा काही वाढवायचं नाही.

अंगणातलं ते तांबूस पान एव्हाना हिरवं झालं असेल. पाणी आता मम्मी घालते.

कुकरचं झाकण लावण्याआधी मी डबी उलटी करून पाहिली.