रंगरावांचं गोणपाट

महाळुंग्यात रंगरावांचं लेथचं लहानसं वर्कशॉप आहे. दारात कुणी शेजारी दिसला की त्यांचा हात आधी गोणपाटाकडे जायचा. मशीनवरचा जॉब, म्हणजे घडवायला घेतलेला भाग, झाकायचा, मगच ‘या, बसा’ म्हणायचं. कुठल्या कंपनीचं काम करतोय हे दुसऱ्याला कळलं, की ते हातचं गेलंच म्हणून समजा.

मग ऐन डिलिव्हरीच्या तोंडावर त्यांचं मशीन बंद पडलं. शेजारच्या गणराजने आपलं मशीन मोकळं करून दिलं. रंगराव तिथंही जॉब गोणपाटात गुंडाळूनच घेऊन गेले.

“काका, मशीनला तरी दाखवाल ना?” गणराज म्हणाला. रंगरावांनी चिडूनच गोणपाट ओढून काढलं. डिलिव्हरी वेळेवर गेली, आणि ते कामही हातचं गेलं नाही.

तेव्हापासून दर गुरुवारी, इथल्या कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, लहान वर्कशॉपवाले रंगरावांकडे जमतात. कुणाचं मशीन रिकामं आहे, कुणाला कामगार हवाय, सगळं उघड बोलतात. आधी चौघंच होते. आता पार भोसरीपासून लोक येतात आणि खुर्च्या पुरत नाहीत.

परवा एक नवखा दारातच घुटमळला. हातातला जॉब रुमालात घट्ट गुंडाळलेला. रंगरावांनी गोणपाट झटकून त्याच्यासाठी जमिनीवर अंथरलं.

“बसा, राव. हेही आधी तुमच्या रुमालाचंच काम करायचं.”