दादाला इटालियन जेवू घातलं तेव्हा

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि वहिनींनाही.

थोरला भाऊ, दादा, वर्ध्याजवळ देवळीला शेती बघायचा. मी मुंबईत नोकरीला. वडील गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी चुलतभावाचं पत्र आलं — दादा तलाठ्याकडे खेपा घालतोय, जमिनीचं सांभाळ. खरं होतं का ते? मी कुणाला विचारलंच नाही. पण तेव्हापासून दादाच्या प्रत्येक पत्रात मी दुसरा अर्थ शोधू लागलो. त्याने 'तब्येतीला जप' लिहिलं, तरी वाटायचं — आता हा हळूच शेताच्या विषयावर येणार.

म्हणून ऐंशीच्या हिवाळ्यात तो न कळवता दारात उभा राहिला, तेव्हा मी मनाशी म्हटलं — जमिनीच्या कागदावर सही घ्यायला आलाय. बायको माहेरी होती. मी ऑफिसला गेलो आणि त्याला न विचारता त्याच रात्रीचं परतीचं तिकीट मिळवलं.

उरलं संध्याकाळचं जेवण. आमच्या घरी ताटावर महत्त्वाचं बोलत नसत. जेवण झालं की थोरल्याने अडकित्ता काढायचा, सुपारी कातरून समोरच्याच्या हातावर ठेवायची, मग विषय. माझं लग्नही वडिलांनी असंच ठरवलं. म्हणजे घरी जेवलो असतो, तर दादा बोललाच असता. म्हणून मी त्याला कुलाब्याच्या एका इटालियन हॉटेलात नेलं. पाहुणचार म्हणून? नाही. तो तिथे बुजावा, गप्प राहावा म्हणून.

गिलावा न केलेल्या विटा, ओबडधोबड लाकडी बाकं, छताला कंदील, टेबलावर लाल-पांढऱ्या चौकड्यांचं कापड. दादाने चहूकडे पाहिलं.

"अबे बाबू, एवढ्या दूर आणलं अन् गोठ्यातच बसवलं काय रे?" मग हळूच, "बैलं कुठं बांधले यायनं?"

एरवी मी पोट धरून हसलो असतो. तेव्हा वाटलं — मला पाघळवतोय.

टमाट्याच्या रसातल्या जाड शेवया आल्या. एक घास घेऊन त्याने बशी बाजूला सारली. मग कडक पाव सूपमध्ये बुडवून, एकाच गालाने, फार वेळ चघळत राहिला. मी बघत होतो. सोंग करतोय का? भावाने उपाशी ठेवलं, हे गावात सांगायला?

बशा उचलल्यावर त्याने खिशातून अडकित्ता काढला. सुपारी कातरली आणि सगळी माझ्यापुढे केली. स्वतः एक खांडही घेतलं नाही. त्याचाही मला संशयच आला.

"बाबू, तुले एक सांगाचं होतं—"

मी तिकीट टेबलावर ठेवलं. म्हटलं, "दादा, इथे हे चालत नाही. ऊठ, गाडी चुकेल."

तो तिकिटाकडे बघत राहिला. "काढूनच ठेवलं काय? बरं केलं."

स्टेशनपर्यंत टॅक्सीत मीच बोलत होतो — ही इमारत बघ, ती बघ.

उन्हाळ्यात तार आली. दादा गेला. तेराव्याला वहिनींनी सांगितलं — गालात आतून गाठ होती. वर्ध्याच्या डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली होती. तिथे एकट्याला काही सुधरणार नाही, म्हणून तो मला सोबत घ्यायला आला होता.

"भाऊजी, तुमच्यापाशी ते काईच बोलले नाई काय?"

"नाही वहिनी. एक शब्दही नाही."

बोलला नव्हता, हे खरं — पण का बोलला नव्हता?

तलाठ्याकडच्या खेपांचं काय होतं, ते मला अजून माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

आठ वर्षं झाली. दर दिवाळीला मी देवळीला जातो. वहिनी चहा ठेवतात आणि चुलीपुढे बसून दादावर चिडतात. "सख्खा भाऊ मुंबईले, अन् त्याले सांगाले काय झालतं? हट्टी माणूस! लेकरायचाही इचार केला नाई." त्या अजून त्याच्यावरच रागावून आहेत. मी खाली मान घालून ऐकतो.

मागच्या दिवाळीला तर मी म्हणालोसुद्धा, "हो वहिनी. दादा हट्टीच होता."