लाल कोबा आणि मिस्त्रींची आत्या

नायगावचं आमचं जुनं बैठं घर वाळवीने इतकं पोखरलं होतं की खुंटीला सदरा अडकवला तर खुंटीच हातात यायची. शेवटी ते पाडून त्याच जागी नवं बांधायचं ठरलं. ठरवलं अर्थात पुरुषांनी. नकाशा यांच्या ऑफिसातल्या एका मित्राने काढला. त्यात देवघर होतं, मामंजींसाठी पूर्वेच्या उजेडाची खोली होती, यांच्या सायकलसाठीसुद्धा जागा होती. स्वयंपाकघराला मात्र खिडकी नव्हती. मी विचारलं तर हे म्हणाले, "धूर वरच्या झरोक्यातून जाईल."

"धूर जाईल हो. मी कुठून बघू?"

"स्वयंपाक करताना बघायचंय काय?"



घर पूर्ण होईपर्यंत गल्लीच्या पलीकडे चाळीत एक खोली मिळाली होती. हे सकाळी फोर्टात ऑफिसला जायचे, त्यामुळे देखरेख मामंजींकडे आली. माझे सासरे शाळेतून नुकतेच निवृत्त झाले होते. मुलांवर चाळीस वर्षं लक्ष ठेवलेला माणूस, गवंडी म्हणजे काय मोठंसं, असं आम्हांला वाटलं. ते रोज आठ वाजता विटांच्या ढिगाशेजारी खुर्ची मांडून, छत्री उघडून बसायचे आणि वर्तमानपत्र वाचायचे. मोठ्याने.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. आमचे मिस्त्री मालवणकडचे, लालबागच्या एका चाळीत राहणारे, हाताने पक्के आणि बोलण्यात त्याहून पक्के. मामंजी पहिलं वाक्य वाचायचे, तेव्हा मिस्त्री थापी खाली ठेवायचे. दुसऱ्या वाक्याला घमेली डोक्यावर घेतलेल्या बायका थांबायच्या. मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही यावर अर्धा तास चर्चा व्हायची, तोवर कालवलेला सिमेंट-वाळूचा माल घमेल्यात आवळून बसायचा. मिस्त्री तो ओतून द्यायचे आणि नवा कालवायला सांगायचे. सिमेंट त्या काळी परमिटवर मिळे. ते परमिट काढायला यांनी किती खेटे घातले होते, याची मामंजींना आणि मिस्त्रींना मीच आठवण करून द्यायची.

एक दिवस वैतागून मी म्हटलं, "मामंजी, आजपासून पेपर मी वाचते. जेवणाच्या सुट्टीत."

दोघांनी नाइलाजाने मान्य केलं. मी दहा मिनिटांत सगळा अंक संपवला. मिस्त्री पडलेल्या चेहऱ्याने म्हणाले, "वैनी, तुम्ही वाचल्यावर कायच वाटत नाय. रेशनची यादी वाचल्यासारखा वाटता."

बाकी माझं कोणी ऐकत नव्हतं. भिंत वाकडी दिसते म्हटलं की मिस्त्री ओळंबा सोडून दाखवायचे आणि तो भिंतीपासून लांब राहिला की दोरी वाऱ्याने हलते असं सांगायचे. खिडकीचं काढलं की ठरलेलं उत्तर, "सायबांका विचारतंय." साहेब संध्याकाळी यायचे, न उतरवलेल्या बुटांनी सगळीकडे फिरायचे, भिंतीवर बोट ठेवून "छान, छान" म्हणायचे आणि चहा विचारायचे.

भिंती उभ्या राहिल्या, कौलं चढली. दारं अजून सुताराकडेच होती. एका सकाळी मिस्त्रींनी स्वयंपाकघरात लाल कोबा केला. सिमेंटमध्ये रंग घालून केलेली ती जमीन अशी गुळगुळीत झाली की मलाही कौतुक वाटलं. मी जरा वाकून पाहायला गेले तर ओरडले, "वैनी, मागे! दोन दिवस कोणी पाय ठेवचो नाय. उंदीर फिरलो तरी माका समजतला." मग हात धुऊन मामंजींपुढे उभे राहिले. घोडपदेवला आत्या राहते, तिला फार बरं नाही, अर्धा दिवस सुट्टी हवी.

त्या महिन्यात आत्या तिसऱ्यांदा आजारी पडत होती. मामंजींनी मात्र गंभीरपणे सुंठीची पुडी बांधून दिली.

दुपारी मोठ्या रस्त्यावर मोर्चा होता. मी नव्या भिंतीवर पाणी मारत होते. एकाएकी घोषणा थांबल्या, आरडाओरड झाली आणि हवेत अश्रुधुराचा झोंबरा वास आला. त्या दिवसांत माणसं घरी परत येतीलच याची खात्री नसायची. तेवढ्यात गल्लीतून सातआठ माणसं धावत आली आणि आमच्या बिनदाराच्या घरात शिरली. पुढून आत, स्वयंपाकघरातून थेट मागच्या अंगणात.

त्यांच्या मागून एक हवालदार आला. मामंजी दाराच्या चौकटीत उभे राहिले. हातातली छत्री त्यांनी उघडलेलीच ठेवली होती, त्यामुळे चौकट बरीचशी भरली.

"आत कोणी नाही," ते म्हणाले. "घर बांधतोय. जमीन ओली आहे."

हवालदाराने छत्रीखालून वाकून आत पाहिलं. लाल कोब्यावर पावलंच पावलं.

"आणि ही कोणाची, मास्तर?"

मामंजींना खोटं बोलायची सवय नव्हती. "मजुरांची," ते म्हणाले आणि त्यांचे कान लाल झाले.

"मजूर चपला घालून कोबा करतात वाटतं," हवालदार म्हणाला. त्याने टोपी सरळ केली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आला तसा निघून गेला. बोलण्याच्या हेलावरून तोही कोकणातलाच वाटला.

थोड्या वेळाने मागे विटांच्या ढिगाआडून माणसं एकेक करून उठली. मी बादली आणि तांब्या नेऊन ठेवला. डोळे धुणाऱ्यांतले शेवटचे गृहस्थ आमचे मिस्त्री होते.

"आत्या कशी आहे?" मी विचारलं.

त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ते उंबरठ्याशी गेले आणि कपाळाला हात लावला. "देवा रे! ह्यां कोणी केल्यान?"

मी त्यांच्या पायांकडे बोट दाखवलं. दोन्ही पाय घोट्यापर्यंत लाल होते.

मामंजी हसत हसत खुर्चीत बसले. मग त्यांना भरून आलं. म्हणाले, "हा कोबा असाच ठेवू. ही पावलं म्हणजे इतिहास आहे."

"इतिहास तुमच्या खोलीत ठेवा," मी म्हटलं. "मला इथे रोज केर काढायचाय." आणि मिस्त्रींकडे वळले. "उद्या कोबा पुन्हा करा. आणि त्याआधी ओट्यासमोरची भिंत फोडून खिडकी काढा."

"सायबांका विचा..."

"विचारा की. मीही त्यांना आत्याच्या तब्येतीचं सांगते."

दुसऱ्या दिवशी हे घरी आले तेव्हा खिडकीची चौकट बसलेली होती. यांनी नकाशा उलगडला, एकदा इकडून, एकदा तिकडून पाहिला आणि म्हणाले, "बघ, तुला उगीच वाटत होतं. खिडकी आहेच की." मामंजी वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले होते.

वास्तुशांतीला मी मिस्त्रींना सहकुटुंब बोलावलं. त्यांची बायको डोक्यावरून पदर घेऊन आली. पाटावर बसायला संकोचत होती. शिरा खाल्ल्यावर मी तिला घर दाखवलं. ती भिंतीवरून हात फिरवत चालली. मोरीतला नळ उघडला, पाणी आलं तशी पटकन बंद केला आणि पुन्हा उघडला.

लालबागला दहा बाय दहाच्या खोलीत ती सहा माणसांचा संसार करत होती. नवरा वीस वर्षं घरं बांधत होता. त्यांतलं एकही तिने आतून पाहिलेलं नव्हतं.

"ह्यां सगळां तुम्ही बांधलात?" तिने मागून आलेल्या नवऱ्याला विचारलं.

वर्षभर आपल्या कामाची फुशारकी मारणारे मिस्त्री जमिनीकडे बघत म्हणाले, "मी एकटो नाय. धा माणसां होती."

ती ओट्याशी थांबली, खिडकीतून बाहेरची गल्ली बघत. मी चहाचं आधण ठेवलं आणि तिला आणखी थोडं थांबायला सांगितलं.